बाबा माउली झाले ते पाच दिवस

नोएडातल्या आमच्या घराला पहिली दोन वर्षं गिलावाच नव्हता. विटा उघड्या, जिन्याला कठडा नाही, आणि पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया गच्चीवर उभ्या. त्यांच्यावर आई गोधड्या वाळत घालायची. प्लॉट बाबांना सोडतीत लागला होता. दिल्लीतली सरकारी क्वार्टर सोडून आम्ही इथे आलो तेव्हा सेक्टरला नंबर होता, पण रस्ता नव्हता, दिवे नव्हते. चहूकडे मोहरीची शेतं, मधूनच आमच्यासारखं एखादं अर्धवट घर, आणि दिवसभर विटा, वाळू, खडी घेऊन येणाऱ्या ट्रकांची घरघर. शेजारी चौधरीचाचा राहायचे. त्यांचीच जमीन सेक्टरात गेली होती. उरलेल्या तुकड्यावर एक म्हैस बांधून आणि एक खाट टाकून ते बसायचे, आणि ट्रक गेला की उगाच म्हशीवर ओरडायचे. बाबा पहाटेच्या बसने ऑफिसला जात आणि अंधार पडता पडता परत येत. मी पहाडगंजातल्या मराठी शाळेतून नुकताच बाहेर पडून इकडच्या इंटर कॉलेजात अकरावीला गेलो होतो. तिथे मला 'मराठा' म्हणत. आम्ही कोण आहोत ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ते कुणाला सांगायचं नाही असा घरचा कायदा होता.

आम्ही कोकणा. नाशिक जिल्ह्याच्या टोकाला, गुजरातच्या हद्दीजवळच्या डोंगरातले आदिवासी. आज हे वाक्य लिहिताना मला काहीच वाटत नाही, उलट जरा ऐट वाटते. बाबांना, म्हणजे सदाशिव भोयेंना, ते आयुष्यातली बरीच वर्षं उच्चारता आलं नाही. ते एका मंत्रालयात कारकून होते. काम चोख, अक्षर मोत्यासारखं, पण पाठीमागे 'कोटे का है' हे कुजबुजलं जायचं आणि ते त्यांना ऐकू यायचं. कुणी गाव विचारलं की 'हम महाराष्ट्रियन हैं' म्हणून ते तिथेच थांबत. मिशा वाढवलेल्या, सफारी कडक इस्त्रीचा, आवाज चढा. "दिल्लीत मऊ माणसाला लोक बसमधून खाली उतरवतात," असं ते मला नेहमी सांगत. ऑफिसात दिवसभर गिळलेलं सगळं ते घरी आणून आमच्यावर ओतायचे. हे मला आता कळतं. कळतं म्हणून ते माफ होतं असं नाही.

आणि मी नेमका मऊ निघालो होतो. मला स्वयंपाकघर आवडायचं. गावाहून वर्षातून दोनदा नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचा डबा यायचा, खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची, पुरचुंडी यायची, आणि त्या दिवशी घराचा वासच बदलायचा. खुरासणी भाजून, लसूण-मिरची घालून आई चटणी कुटायची, आणि शेजारी तव्यावर काळपट तांबडी भाकरी टम्म फुगायची. (माझी नात हल्ली तेच पीठ मॉलमधून आणते आणि मला मिलेटचे फायदे समजावून सांगते. मी ऐकून घेतो.) त्या वर्षी आईचं मनगट दुखायला लागलं. डॉक्टरांनी पट्टा दिला, थापाथापी बंद केली. मग तिने पाटावर बसून सांगायचं आणि मी करायचं, असं सुरू झालं. महिन्याभरात माझी भाकरी तिच्यासारखी व्हायला लागली. ती कौतुकाने म्हणायची, "दिनू, तुझ्या बायकोची चैन आहे बघ." बाबा घरी यायच्या आत आम्ही ओटा पुसून मोकळे व्हायचो. ही चोरी आम्हा दोघांनाही गोड लागायची.

एका रविवारी बाबांचे ऑफिसातले एक सहकारी न सांगता आले. त्यांनाही प्लॉट घ्यायचा होता, म्हणून सेक्टर बघायला निघाले होते. बरोबर त्यांचे दोन धिप्पाड मुलगे. दाराच्या जागी अजून नुसत्या विरळ फळ्याच होत्या, त्यामुळे आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसायचं. मी उकिडवा बसून भाकरी थापत होतो. त्या गृहस्थांनी आत डोकावून मोठ्याने म्हटलं, "अरे भोये जी, आपने बताया नहीं, आपकी बेटी भी है!" मुलगे हसले. मग ते तव्याकडे वाकले. "और ये काली रोटी? यार, ये तो जंगल वाले खाते हैं." बाबाही हसले. त्यांचं ते हसू मला अजून दिसतं. चहा झाला, बिस्किटं झाली, पाहुणे स्कूटर-मोटारसायकलीवरून गेले. धूळ खाली बसायच्या आत बाबा आत आले आणि त्यांनी माझ्या डाव्या कानाखाली पूर्ण ताकदीने एकच मारली. "मर्द बनायचं नाही तुला? जन्मभर माझं हसं करणार?"

त्यापुढचं मला ऐकू आलं नाही. कानात आधी शिट्टी वाजली, मग ऊन ऊन काहीतरी मानेवर उतरलं. आईने पदर लावला, पदर लाल झाला. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय. थोडं ऐकू परत येईल, सगळं येणार नाही. बाबा दवाखान्यात भिंतीला टेकून उभे होते. औषधं त्यांनीच आणली, रिक्षाही त्यांनीच केली, पण एक शब्द बोलले नाहीत. मीही त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं बंद केलं. ते एका खोलीत आले की मी दुसऱ्या खोलीत जायचो. दोनच खोल्या होत्या, त्यामुळे दिवसभर नुसती ये-जा. मनातल्या मनात मी ठरवून टाकलं होतं, बारावी झाली की घर सोडायचं आणि या माणसाचं तोंड बघायचं नाही. आई रडली नाही, भांडलीही नाही. दुखऱ्या हाताने तिने वाकड्यातिकड्या अक्षरात गावी एक पोस्टकार्ड लिहिलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आली.

तीन आठवड्यांनी सोमाकाका आला. बाबांचा थोरला चुलतभाऊ, गावचा पावरी वाजवणारा. दुधी भोपळ्याचं पोट, त्याला बांबूच्या नळ्या, पुढे शिंग आणि मोरपिसं अशी ती पावरी त्याने घोंगडीत तान्ह्या पोरासारखी गुंडाळून आणली होती. दुसऱ्या खांद्यावर नागलीच्या पिठाची गोणी. स्टेशनवर पोलिसाने घोंगडी उघडायला लावली तेव्हा याने तिथेच फुंकर मारून दाखवली म्हणे, आणि पोलीस म्हणाला, चलो चलो, आगे बढ़ो. काका घरी येऊन बसला, पाणी प्यायला, आणि माझी हनुवटी धरून त्याने डावा कान उजेडाकडे वळवून नीट बघितला. बाबा समोरच उभे होते. मला वाटलं, आता हा त्यांना झाडणार. पण तो हळू आवाजात म्हणाला, "सदू, हा पोऱ्या जन्मला तवा मुठीएवढा होता. जगत नव्हता. तुझ्या बानं डोंगऱ्यादेवाला नवस बोलला, पोऱ्या जगला तर माझा सदू माउली होईल. आठवतं का?"

"रजा मिळाली नाही कधी," बाबा म्हणाले.

"सोळा वर्सं?"

काकाने माझी हनुवटी सोडली.

"पोऱ्याचा नवस फेडायचा ऱ्हायला, आनि त्याच पोऱ्यावर हात टाकलास."

बाबा खाली बसले. खुर्ची होती तरी जमिनीवर बसले.

मार्गशीर्षात आमच्या डोंगरांत पुरुष हे व्रत घेतात. व्रत घेतलं की मोठमोठे गडी माउली होतात, म्हणजे आई होतात, आणि तितके दिवस लहानथोर त्यांना माउली म्हणूनच हाक मारतात. पायात काही घालायचं नाही, जमिनीवर निजायचं, दारू-मटण नाही, शिवी नाही, कुणावर हात उगारायचा नाही. जेवण एकदाच, आणि आमच्या गावच्या रीतीप्रमाणे ते माउलीने आपल्या हाताने रांधायचं. बायकोच्या हातचं चालत नाही. रोज पावरीवर गोल धरून नाचायचं आणि शेवटी डोंगरावर जाऊन देवाला भेटायचं. गावाकडे हे बरेच दिवस चालतं. काकाने ते पाच दिवसांवर आणलं. म्हणाला, "देवाला दिल्लीची नोकरी ठाऊक हाये." बाबांनी नोकरीत पहिल्यांदाच सलग रजा मागितली. अर्जात कारण लिहिलं, 'आवश्यक घरेलू कार्य'. सगळेच सरकारी नोकर तसं लिहितात, पण खरं लिहिलेला तो एकच अर्ज असावा. ऑफिसातले शिपाई गावित आणि निमलष्करी दलातले जवान बागूल, दोघेही आमच्याच भागातले. इतकी वर्षं बाबा त्यांना ओळखही देत नव्हते. काकाने त्यांना निरोप धाडला आणि दोघे धावत आले, बाबांबरोबर माउली झाले.

शेजारचा रिकामा प्लॉट नाचायला हवा होता. काकाने चौधरीचाचांना विचारलं, आपल्या मोडक्या हिंदीत. चाचा म्हणाले, "ज़मीन तो अब सरकार की है, भाई. पर मुझसे पूछा, अच्छा किया." आणि स्वतः फावडं घेऊन त्यांनी खडे बाजूला सारून दिले. मध्ये खांब रोवला, त्याला तेल-शेंदूर लागला, आणि संध्याकाळी पावरी सुरू झाली. मी गच्चीवर सळयांमध्ये बसून बघत होतो. डावीकडून फक्त घुर्र असं येत होतं, म्हणून मी मान वळवून उजवा कान लावला. पावरी श्वास न तोडता वाजते, एका दमात गावभर फिरून येते. त्या आवाजावर, ज्यांच्यावर मी रागावलो होतो ते सफारीवाले बाबा धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, गावितांच्या कमरेत हात घालून, अनवाणी, वाकून पावलं टाकत होते. एक पाऊल चुकलं नाही. आई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "लग्नात असाच नाचला होता," ती म्हणाली. बाबांना तिने एकेरी म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नाचणं जमलं, पण रांधणं काही जमेना. अंगणात तीन विटांची चूल मांडली होती. गावित आणि बागूल आपापल्या भाकऱ्या करून मोकळे झाले. एकटे राहणारे गडी, त्यांना सवय होती. बाबांनी थंड पाण्यात पीठ कालवलं, ते हाताला चिकटलं, तव्यावर टाकलं ते बाहेरून जळलं आणि आतून कच्चं राहिलं. मोडलेले तुकडे त्यांनी चटणीला लावून कसेबसे खाल्ले. दुसऱ्या दिवशी तर भाकरी उचलतानाच चार तुकडे होऊन चुलीत पडली आणि बाबांचं बोट भाजलं. आई मनगटाचा पट्टा सांभाळत उन्हात खाटेवर मटार सोलत होती. तिला मदत करायची मुभा नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला घाईही नव्हती. गावित पुढे झाले तर काकाने त्यांना अडवलं. "थांब माउली. याला शिकवणारं मानूस घरातच हाये."

हे मी ऐकलं, बाबांनीही ऐकलं. ते मला विचारेनात आणि मी आपणहून जाईना. ते भुकेले आहेत हे मला दिसत होतं. दोन दिवसांत गाल आत गेले होते, खडीवरून चालून टाचा फुटल्या होत्या. मला त्यांची दया येत होती, आणि दया आली की मी मुद्दाम कानाला हात लावून बघायचो. त्या रात्री झोपताना मी आईला विचारलं, "मी शिकवलं नाही तर?"

"तर नाही," आई म्हणाली. "तुझा कान आहे. तू ठरव. मी काही म्हणणार नाही."

तिने 'शिकव' म्हटलं असतं तर मी हट्टाने नाही म्हटलं असतं. तिने ते माझ्यावर सोपवलं, आणि मला बराच वेळ झोप लागली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. मी ब्रश घेऊन अंगणात आलो तर बाबा चुलीपाशी परात घेऊन बसलेले. मला बघून ते उठले. ऑफिसात साहेब आल्यावर उठतात तसे उठले, आणि खाली बघत म्हणाले, "दिनू, तू पाणी किती घेतोस?"

मी काहीच बोललो नाही. ते तसेच उभे राहिले. उत्तर मिळालं नाही की त्यांचा आवाज चढायचा. मी त्याचीच वाट बघत होतो. तो चढला नाही. चाचांची म्हैस हंबरली, एक ट्रक गेला, आणि ते अजून तसेच, परात धरून. पाच दिवस संपले की हा माणूस पुन्हा तसाच होणार, असं मला एकीकडे वाटत होतं. दुसरीकडे त्यांचं भाजलेलं बोट दिसत होतं. मी ब्रश वळचणीला ठेवला, चूळ भरली आणि चुलीशी जाऊन बसलो.

"माउली," मी म्हणालो. इतक्या दिवसांत त्यांच्याशी बोललेला माझा तो पहिला शब्द. "आधी पाणी उकळू द्या. मग पीठ."

उकळत्या पाण्यात पीठ वैरलं, झाकलं, मग गरम असतानाच मळायला लावलं. त्यांना चटका बसत होता, तरी ते मळत राहिले. थापायला घेतलं तर त्यांचा तळवा धप्पकन पडायचा आणि कड फाटायची. मी म्हटलं, "जोर नका लावू. बोटांनी कड सांभाळा आणि तळहाताने फिरवत राहा." तरी जमेना, तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. त्याआधी त्यांचा हात मी कधी धरला होता ते मला आठवत नव्हतं. केवढा मोठा हात. मी तो धरून फिरवत राहिलो. ती भाकरी कशीही झाली होती, एकीकडे जाड, एकीकडे पातळ, पण अख्खी होती. तव्यावर पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर धरली आणि तिच्या एका कोपऱ्याला लहानसा फुगा आला. बाबा त्या फुग्याकडे बघत राहिले आणि एकदम हसले. पाहुण्यांपुढे हसले होते तसे नाही. खाटेवरून आई म्हणाली, "करपेल, उचला!" आणि तीही हसायला लागली.

पाचव्या दिवशी पहाटे एका टेम्पोतून आम्ही गुडगावच्या पलीकडे निघालो. नोएडात डोंगर नाही. अरवलीची टेकडी तीच काय ती जवळ. वाटेत नव्या वसाहतींच्या पाट्या होत्या, गोऱ्या हसऱ्या कुटुंबांची चित्रं काढलेल्या. टेकडीपाशी पोचलो तर ती अर्धीच होती. एक बाजू कापून नेलेली, खाली खडी फोडायचं यंत्र धडधडत होतं आणि ट्रक रांगेत उभे होते. बागूल म्हणाले, "इथे कसला देव?" काकाने पायाशी पडलेली मूठभर खडी उचलून बघितली. मग त्याने बाबांना विचारलं, "तुझ्या घराच्या पायात खडी कुठली रं?"

"इथलीच," बाबा म्हणाले. "इथूनच येते सगळी."

"मग आधी माफी मागू," काका म्हणाला. आणि त्या तिघा माउल्यांनी आणि त्याने उरलेल्या अर्ध्या टेकडीपुढे कपाळ टेकलं. मीही टेकलं. आता तिथे काचेच्या इमारती आहेत; माझी मुलगी त्यातल्याच एकीत कामाला जाते. मेट्रोतून जाताना मी अजूनही हात जोडतो, लोकांना वाटतं इथे कुठेतरी मंदिर असेल.

वर एका सपाट दगडावर तांदूळ ठेवले, पावरी वाजली. ज्याच्यासाठी नवस बोललेला असतो त्याला माउलीने आपल्या हातच्या भाकरीचा पहिला घास द्यायचा, अशी रीत. बाबांनी पहाटे केलेली भाकरी फडक्यातून काढली. माझ्याजवळ बसले, तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला आणि काहीतरी बोलले. ते माझ्या डावीकडे बसले होते. खाली यंत्राची धडधड चालू होती. मला काही ऐकू आलं नाही, मी नुसता त्यांच्याकडे बघत राहिलो. आधी त्यांना कळेना मी उत्तर का देत नाही. मग कळलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. ते उठले, माझ्या मागून वळसा घालून उजव्या बाजूला आले, अनवाणी पायांवर उकिडवे बसले आणि माझ्या कानाशी तोंड आणून पुन्हा म्हणाले, "माझं चुकलं, पोरा." आपलं बोलणं दुसऱ्यांदा सांगायची त्यांना सवय नव्हती.

पाच दिवसांत माणूस बदलतो का, असं मला लोक विचारतात. सगळा नाही बदलत. बाबा बसच्या कंडक्टरवर ओरडायचे ते ओरडतच राहिले. पण त्यांचा हात पुन्हा कुणावर उठला नाही. गाव विचारलं की ते नाव घेऊन सांगायला लागले, दर मार्गशीर्षात रजा टाकून गावी जायला लागले, आणि रविवारची भाकरी त्यांची झाली. ते ऑफिसवाले गृहस्थ पुन्हा एकदा आले तेव्हा बाबांनी तीच काळी भाकरी त्यांच्या ताटात वाढली. म्हणाले, "जंगल वाले हैं हम. खाके देखिए." मी बारावीनंतर घर सोडलं नाही. आणि त्या दिवसापासून ते कधी माझ्या डावीकडे बसले नाहीत. बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, स्कूटरपाशी उभं राहून गप्पा मारताना, सगळीकडे ते आधी वळसा घालून उजवीकडे येत.

शेवटच्या आजारात त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. आवाज फार खोल गेला होता. मी गडबडीत आलो आणि मिळाली तिथे खुर्ची टाकून बसलो. बाबांनी ओठ हलवले, मग थांबले. चादरीतून त्यांनी एक बोट बाहेर काढलं, तेच, कधीकाळी चुलीत भाजलेलं, आणि ते हवेत हळूहळू गोल फिरवलं. नर्सला वाटलं त्यांना पंखा हवाय. मी उठलो, खुर्ची उचलून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली आणि उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"आता बोला, माउली," मी म्हणालो.